काडेपेटीच्या पुठ्ठ्याएवढी फट

हाल्वोरने ट्रॅक्टर ट्रेलरवरून ढकलत आत आणला
तेव्हा शेडच्या दारात अजून हातभर बर्फ होता,
काळा पडलेला, एप्रिलचा.
कशी आहेस वगैरे काही नाही. म्हणाला,
"कार्बोरेटर गेलाय."

सगळ्यांचा कार्बोरेटरच जातो.
एकतीस वर्षं मी शाळेच्या बसगाड्या दुरुस्त केल्या,
विस्कॉन्सिनच्या या टेकड्यांतल्या एकाही माणसाने
कधी येऊन सांगितलं नाही
की डॅग्नी, माझी एक वायर सैल आहे.

नवा त्याने बसवलाही होता. साठ डॉलर.
गंजक्या तोंडात
कवळीसारखा चकचकीत.

इंजिन एका सिलिंडरचं, बिडाचं, अडुसष्ट सालचं.
आधी टाकीत नाक घातलं.
शिळ्या पेट्रोलला वॉर्निशचा वास येतो,
याला येत नव्हता.
मग पंख्यावरचं पत्र्याचं झाकण काढलं.
आत उंदरांनी संसार थाटलेला:
बियांच्या पाकिटांचे कपटे, मक्याची सालं,
आणि लाल लोकरी हातमोज्याचा अंगठा.
"हा मी दोन हिवाळे शोधतोय," हाल्वोर म्हणाला
आणि आम्ही हसलो.
म्हणजे आधी तो, मग मी, मग लगेच कोणीच नाही.

आईचं लाकूडरान विकल्यापासून
आम्ही फक्त हवामानावर बोलतो.

प्लग काढून हेडला टेकवला, दिवा घालवला.
"फिरव किल्ली."
अंधारात एक ठिणगी पडली,
नारिंगी, मरगळलेली,
उठवलेलं न आवडलेल्या माणसासारखी.
निरोगी ठिणगी निळी असते, ती चटकन बोलते.
चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होतीस, म्हटलं.
त्याने ऐकलं नाही, किंवा ऐकलं.

बाजूची छोटी डबी उघडली. दोन स्क्रू.
पॉइंट्स जळून खवल्यांचे झालेले.
नवे होते माझ्याकडे, खणात, तेलकट कागदात.
बसवणं सोपं. फट लावणं अवघड:
एका इंचाचे हजार वाटे केले तर त्यातले वीस.
माझी मापाची पट्टी नेमकी सापडेना.
हाल्वोरने खिशातून काडेपेटी काढली,
न बोलता तिचा पुठ्ठा फाडून दिला.
बाबा असंच करायचे. दोघांपैकी कोणी ते म्हटलं नाही.

"टॉर्च धर."
उजेड पॉइंट्सवर आला, सरकला,
पुन्हा आला, माझ्या बोटांवर गेला, भिंतीवर.
नीट धर की, असं तोंडापर्यंत आलं
आणि मी वर पाहिलं.
त्याचा उजवा हात थरथरत होता,
आणि डाव्या हाताने तो मनगट दाबून धरून उभा होता.

आमच्या घरात फट लावावी तर हाल्वोरनेच.
दहाव्या वर्षी, पुठ्ठ्याशिवाय, नुसत्या नजरेने.

"वरून उजेड बरा येतो," मी म्हटलं,
टॉर्च घेतली, तुळईच्या खिळ्याला टांगली.
तो म्हणाला, "हो, बरा येतो."
पुठ्ठा आत सरकवला. किंचित अडला, मग निघाला.
स्क्रू आवळला.

पहिल्या किल्लीला खोकलं.
दुसऱ्याला धरलं, निळा धूर, सगळी शेड थरथरली
आणि अर्ध्या मिनिटात ढप्प.
तो नवा कार्बोरेटर.
जुना परत बसवला, बुडाची वाटी पुसून,
तेव्हा मात्र चालू झालं ते थांबेचना;
आम्ही दोघं त्याकडे तोंड करून उभे,
आवाज एवढा की बोलायची सोय नव्हती,
आणि बरं वाटत होतं.

"किती झाले?" तो ओरडला.
"बटाटे," मी ओरडले.
"काय?"
"बटाटे!"

ट्रेलर तसाच ठेवून तो चिखलातून निघाला,
दुसऱ्या गिअरमध्ये, दोन मैल,
साठ डॉलरचा कार्बोरेटर कोटाच्या खिशात.
हातमोज्याचा अंगठा बाकावर राहिला.
पुठ्ठा मी ठेवला नाही, चुलीत टाकला.
काडेपेटी त्याच्याकडे आहे.
पुढच्या वसंतात फट पुन्हा बघावी लागेल.